पाश्चात्त्य नाताळ आणि आपले कुडाचे घर

आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की दरवर्षी आमच्याकडे घरोघरचा एकच प्रश्न येतो : यंदा नाताळला घर कसे सजवावे? पूर्वी हा प्रश्न आयाआज्यांचा असे आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे. भिंती पोताराव्यात, जमीन सारवावी, दाराला तोरण बांधावे, कामट्यांची चांदणी करून उंच टांगावी आणि कोपऱ्यात गव्हाण मांडावी. अलीकडे हा प्रश्न मुलेमुली विचारतात, आणि उत्तर त्यांच्या हातातील मोबाइलवर अगोदरच तयार असते. आम्हांला विचारणे हा केवळ उपचार.

गतवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही उटनूरच्या पुढे एका गुड्यावर एका कुटुंबाकडे गेलो होतो. उटनूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील पठारावरचे गाव. भोवती सागाची राने, गोंड व कोलाम बांधवांचे गुडे, आणि मध्ये मध्ये कपाशीची शेते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पासून आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. परंतु राज्ये बदलली म्हणून पैनगंगेच्या या काठावरची मराठी बोली काही थांबली नाही. येथील आठवडी बाजारात तेलुगू, गोंडी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच तराजूवर तोलल्या जातात. ज्या घरी आम्ही गेलो ते घर मराठी बोलणारे, शेतकऱ्याचे आणि कुडाचे होते. बांबूच्या कामट्या विणून त्यांवर माती व शेण यांचा लेप दिलेल्या भिंती, वर कौले, पुढे ओसरी. ओसरीवर गोणपाट अंथरून त्यावर दुसऱ्या वेचणीचा कापूस टाकलेला होता.

घरची थोरली मुलगी वसतिगृहात राहून शिकते. ती दोन दिवसांसाठी घरी आली होती. चहा होताच तिने मोबाइलवरचे एक चित्र आमच्यापुढे धरले. अमेरिकेच्या पश्चिम भागातील एका शेतघराचे ते चित्र होते. ओंडक्यांची भिंत, तिच्यावर जुन्या घोडागाडीचे भले मोठे लाकडी चाक आणि त्याच्या आऱ्यांत गुंफलेल्या हिरव्या डहाळ्या, खिडक्यांना गोणपाटाचे पडदे, जिन्याच्या कठड्याला गोणपाटाचीच मोठमोठी फुले, पत्र्याच्या कंदिलात मेणबत्ती, दारावर घोड्याची नाल, आणि विस्तवाजवळ गुराख्याचे उंच बूट. या थाटाला तिकडे ‘रस्टिक’ म्हणतात, असे मुलीने सांगितले. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे : गावठी.

मुलीला घर अगदी तसेच सजवावयाचे होते. तिने यादीही केली होती. शहरातील दुकानात ओंडक्यांची नक्षी छापलेला प्लॅस्टिकचा कागद मिळतो, तो चारी भिंतींवर चिकटवायचा. तयार गोणपाटाची फुले मिळतात, ती डझनावर आणायची. शोभेचे लहानसे चाकही मिळते. सगळा मिळून खर्च तीन हजारांच्या आसपास. वडील काहीच बोलले नाहीत. पहिल्या वेचणीचे पैसे बियाणे आणि खताच्या उधारीत गेले होते, हे आम्हांला त्यांनी पुढे शेताकडे जाताना सांगितले. आजी मात्र गप्प बसली नाही. “पोरी, गोणपाट हे धान्याला अन् बसायला. ते भिंतीवर लावायला पैसे मोजून आणायचं व्हय?”

आम्ही मुलीला अंगणात पाहण्यास सांगितले. लिंबाच्या झाडाखाली बैलगाडी उभी होती. तिच्या शेजारी बुंध्याला टेकवून एक सुटे चाक ठेवले होते. त्याचा एक आरा ढिला झाल्यामुळे सुताराकडे न्यावयाचे राहून गेले होते. मुलीने त्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पण ते आपलं जुनं आहे.”

हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. थोड्या वेळाने खरे कारणही बाहेर आले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिच्या वसतिगृहातील तीन मैत्रिणी घरी यावयाच्या होत्या. त्यांची घरे सिमेंटची. त्यांना मातीची भिंत दिसू नये, एवढ्यासाठी तो छापील कागद हवा होता. सजावट हे निमित्त होते. पोरीला आपले घर झाकावयाचे होते.

म्हणून त्या चित्रातील घराची हकीकत आम्ही तिला सांगितली. तीच येथे वाचकांसाठी थोडी विस्ताराने देतो, कारण असा कागद आणण्याचा विचार आज पुष्कळ घरांत चालू असावा अशी आम्हांला शंका आहे.

अमेरिकेत १८६२ मध्ये एक कायदा झाला. त्यान्वये जो कोणी नव्या मुलखात जाऊन पाच वर्षे जमीन कसील त्याला १६० एकर जमीन देण्याचे सरकारने कबूल केले. (ती जमीन मुळात तेथील आदिवासींची होती, हे तिकडच्या चित्रांत दिसत नाही. उटनूरच्या रानात राहणाऱ्यांना मात्र ते सांगावे लागू नये.) जमिनीच्या आशेने युरोपातून व पूर्वेकडील शहरांतून आलेली गरीब कुटुंबे नेब्रास्का, कॅन्सस इत्यादी भागांत पोहोचली, तेव्हा पुढे पाहतात तो नुसते गवत! घराला लाकूड नाही, दगड नाही. मग त्यांनी नांगराने गवताची मुळांसकट जाड साल काढली, तिचे विटांसारखे तुकडे केले आणि ते एकावर एक रचून घरे बांधली. मातीचीच घरे ती. पावसात गळत. छतातून माती आणि कधी साप खाली पडत, म्हणून वर कापड ताणून बांधीत. आतून भिंतींना चुना किंवा पांढरी माती फाशीत, नाहीतर जुनी वर्तमानपत्रे चिकटवीत. सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकाराने १८८६ पासून नेब्रास्कातील अशा घरांची व घरापुढे उभ्या राहिलेल्या कुटुंबांची शेकडो छायाचित्रे घेतली. ती आजही जपलेली आहेत. त्यांतील बायकांचे चेहरे आणि आपल्याकडील कापूस वेचून आलेल्या बायकांचे चेहरे यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

जेथे डोंगर व झाडे होती तेथे लोकांनी ओंडक्यांची घरे केली, आणि ओंडक्यांमधील फटी चिखलाने बुजविल्या. पैसा कोणाजवळच नव्हता. नाताळ आला म्हणजे घरात जे असेल त्यानेच सण साजरा होई. मक्याच्या लाह्या दोऱ्यात ओवून माळा केल्या जात. धान्याची रिकामी पोती, फाटक्या कपड्यांच्या चिंध्या, लोकरीचे धागे, जुन्या गाडीचे चाक, हेच त्यांचे साहित्य. सूचिपर्णी झाड मिळाले तर उत्तम; न मिळाले तर वाळक्या झुडपालाच नाताळचे झाड करीत. ॲरिझोना राज्यात चँडलर नावाचे गाव आहे. तेथे वाऱ्याबरोबर गडगडत जाणारी काटेरी वाळकी झुडपे गोळा करून, एकावर एक रचून, नाताळचे उंच झाड उभारण्याची प्रथा १९५७ पासून चालू आहे. तिकडे ते झुडूप म्हणजे शेतातले तण.

तेव्हा मुलीच्या मोबाइलवरील चित्रात जे होते ते मूळचे गरीब शेतकऱ्याचे घर होते. कालांतराने त्या लोकांची नातवंडे श्रीमंत झाली. त्यांना आजोबांच्या चाकाची आणि आजीच्या पोत्याची आठवण येऊ लागली, म्हणून ती त्यांनी भिंतीवर मानाने लावली. पुढे दुकानदारांनी त्याच वस्तू नव्याने बनवून विकावयास काढल्या. मातीचे घर झाकण्यासाठी मातीच्या घराचीच आठवण विकत आणावी, हा व्यवहार आम्हांला तरी समजला नाही.

चाकाचीही एक निराळी हकीकत आहे. जर्मनीत हाम्बुर्ग शहराजवळ योहान विखेर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवीत. ‘नाताळ कधी, नाताळ कधी’ म्हणून मुले त्यांना रोज विचारीत. १८३९ च्या आगमनकाळात त्यांनी एक जुने गाडीचे लाकडी चाक घेतले, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या व इतर दिवसांच्या लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवीत मुलांना नाताळपर्यंत आणले. आपल्या देवळांत वेदीजवळ आज जो चार मेणबत्त्यांचा आगमन-हार दिसतो, त्याचा उगम त्या चाकात आहे. पुढे कॅथोलिकांनीही ती चाल उचलली. म्हणजे बैलगाडीचे चाक नाताळच्या घरात आले तर ते काही उपरे नाही. मूळ जागीच परत आले म्हणावयाचे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, न्यू मेक्सिको भागात, तर आपल्याच धर्माची जुनी खेडी आहेत. तेथील घरे कच्च्या विटांची व मातीच्या गिलाव्याची असतात. ताओस गावाजवळ असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावाचे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे देऊळ आहे. त्याच्या भिंती एवढ्या प्रसिद्ध की देशोदेशीचे चित्रकार त्या रंगवीत आले. त्या भिंतींना दरवर्षी तेथील धर्मग्रामस्थ स्वतःच्या हातांनी नवा मातीचा लेप देतात. आपल्या बाया पोतारतात तसेच. गिलाव्याचे हे काम परंपरेने तिकडेही बायकांकडे असे. नाताळच्या रात्री तेथील लोक कागदी पिशव्यांत थोडी वाळू भरून त्यात मेणबत्ती उभी करतात आणि अशा पिशव्यांची रांग भिंतीवर, गच्चीवर, वाटेच्या कडेने लावतात. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री मुले योसेफ व मरिया यांचे वेष घेऊन दारोदार आसरा मागत हिंडतात. दारे नाकारतात, आणि शेवटचे दार उघडते. मेक्सिकोतून आलेली ही प्रथा फार सुंदर आहे. आपल्या गुड्यांवर ती सुरू करण्यास काही हरकत नसावी. दारे आहेत, मुले आहेत, आणि थंडीही पुरेशी आहे.

इतके सांगूनही मुलीच्या चेहऱ्यावर शंका होतीच. अमेरिकेतील माती आणि आपली माती यांत तिला फरक वाटत होता. तेव्हा आम्ही तिला जवळचे उदाहरण दिले. व्हिएन्ना शहरात १९०९ मध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी हे १९४० च्या दशकात, त्या वेळच्या उटनूर तालुक्यातील मार्लवाई या गोंडांच्या गावी येऊन राहिले. मोठ्या राजधानीचे हे दांपत्य येथे गावकऱ्यांसारख्याच साध्या घरात राहिले. बेटीबाई १९८७ मध्ये वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईतच आहे. हे नाव मुलीने शाळेत ऐकले होते. “ते आपल्यासारख्या घरात राहत होते?” असे तिने दोनदा विचारले.

आता सर्वांत जुनी हकीकत. रोमच्या उत्तरेस डोंगरात ग्रेच्चो नावाचे खेडे आहे. १२२३ साली संत फ्रान्सिस तेथे होते. नाताळच्या पंधरा दिवस अगोदर त्यांनी जोव्हानी नावाच्या एका सज्जनाला बोलावून सांगितले की, बाळ येशू कशा हालअपेष्टांत जन्मला ते मला माझ्या डोळ्यांनी पाहावयाचे आहे. मग एका गुहेत चाऱ्याची गव्हाण ठेवली, गवत आणले, खरा बैल व खरे गाढव आणून बांधले. खेड्यातील लोक मशाली घेऊन आले. तेथे मिस्सा झाली आणि फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन उपदेश केला. मूर्ती नव्हत्या, रंगीत कागद नव्हता. संतांचे पहिले चरित्रकार चेलानोचे तोमासो लिहितात की, त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले आणि ते खाऊन त्यांची आजारी जनावरे बरी झाली. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याने हे वाक्य दोनदा वाचावे. त्याच संतांची अशीही इच्छा होती की, नाताळच्या दिवशी बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा अधिक दाणावैरण मिळावी आणि पाखरांसाठी रस्त्यावर धान्य टाकावे. या घटनेला २०२३ मध्ये आठशे वर्षे पूर्ण झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथे जाऊन गव्हाणीविषयीच्या एका पत्रावर सही केली, आणि घरोघरी, शाळांत, इस्पितळांत गव्हाण मांडण्याची चाल टिकवावी असे आवाहन केले.

ज्या गव्हाणीसाठी आपण थर्माकोल कापीत बसतो ती गव्हाण आपल्या गोठ्यात रोज भरलेली असते. थर्माकोलचे म्हणाल तर, सजावटीसाठी त्याचा वापर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद केलेला आहे. तरीही तो बाजारात दिसतो ही गोष्ट वेगळी.

असो. त्या घरात पुढे काय झाले ते सांगतो, कारण वाचकांना कृती हवी असते, नुसती हकीकत नव्हे.

चाक प्रथम धुऊन उन्हात वाळविले. लोखंडी धाव घासून काढली. ढिला आरा वडिलांनी पाचर मारून घट्ट केला. सुताराकडे जाणे वाचले. भिंतीत खिळा ठोकून एवढे ओझे टांगणे कुडाच्या भिंतीला झेपणारे नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चाक आढ्याच्या मोठ्या लाकडाला दोरखंडाने आडवे टांगावे, किंवा जमिनीवर भिंतीला टेकवून उभे ठेवावे. येथे ते उभे ठेवले. आऱ्यांत आंब्याच्या डहाळ्या व बांधावरच्या तुरीच्या शेंगांचे झुबके गुंफले. वेचणी संपलेल्या पऱ्हाट्यांवर जी रिकामी बोंडे राहतात, त्यांचे पाच पाकळ्यांचे तपकिरी फूल दिसते. तशा पऱ्हाट्यांची जुडी मातीच्या मडक्यात उभी केली आणि काही बोंडांत कापूस तसाच ठेवला. हेच नाताळचे झाड. चँडलरच्या लोकांनी पाहिले असते तर त्यांनी त्याला आपले म्हटले असते. शहरात औषधाच्या दुकानातून कापसाच्या गुंडाळ्या आणून गव्हाणीवर बर्फ पाडतात. ज्याच्या ओसरीवर कापसाची रास आहे त्याने तरी हा खर्च करू नये. खरे पाहता आपल्याकडे बर्फ कशाला हवा, हेही आम्हांला कळत नाही; पण मुलांना तो आवडतो.

गोणपाटाच्या फुलांना आजीचा विरोध होता, आणि तो रास्त होता. जानेवारीत तूर भरावयास पोती लागणार. तेव्हा तिची अट अशी की, कात्री लावावयाची नाही. मुलीने त्यातूनच युक्ती काढली. धुऊन वाळविलेले पोते पंख्यासारखे चुण्या घालून दुमडावे, मध्यभागी सुतळीने आवळून बांधावे आणि दोन्ही बाजू मोकळ्या करून फुलवाव्यात. परातीएवढे फूल होते. मध्ये गाठीवर तांबड्या चिंधीचा तुकडा, नाहीतर दोन वाळक्या मिरच्या. अशी पाच फुले झाली. सण झाल्यावर गाठ सोडली की पोते जसेच्या तसे. लाह्यांच्या माळांसाठी मका नव्हता, म्हणून ज्वारीच्या लाह्या घेतल्या. त्या फार लहान असल्याने सुईवर फुटत होत्या. धाकट्या भावाने ओवल्या त्यापेक्षा खाल्ल्याच अधिक. मक्याच्याच घ्याव्यात.

भिंती आजीने व आईने पांढऱ्या मातीने पोतारल्या आणि खाली गेरूचा वीतभर पट्टा काढला. छापील कागदाचे नाव पुन्हा निघाले नाही.

संत लुसीचा दिवस, १३ डिसेंबर, दोन दिवसांवर होता. हंगेरी व क्रोएशिया येथील कॅथोलिक घरांत त्या दिवशी बशीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत उगवलेला हिरवा गहू गव्हाणीपुढे ठेवतात. गोव्याकडेही गव्हाणीसाठी धान्य रुजविण्याची चाल आहे. आपल्या बायकांना टोपलीत धान्य रुजविणे शिकवावे लागत नाही. माती व कुजलेले शेणखत घालावे, रात्रभर भिजविलेला गहू दाट पेरावा, वर पातळ माती टाकावी, पाणी शिंपडावे, आणि पहिले तीन दिवस सावलीत ठेवावे. थंडी अधिक असेल तर रात्री टोपली चुलीच्या बाजूला सरकवावी. दहा-बारा दिवसांत बोटाएवढा गहू उभा राहतो.

गव्हाणीतील बैल पोळ्याला केलेले मातीचेच होते. ते फळीवर जपून ठेवलेले होते. मरिया, योसेफ आणि बाळ हे मुलांनी त्याच मातीचे केले. योसेफचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठे झाले. कोणाला विकतच घ्यावयाचे असेल तर शेजारच्या कारागिरांकडून घ्यावे. निर्मळची पोनिकीच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आपल्या जुन्या जिल्ह्यातलीच. जैनूरकडील उशेगाव येथे ओझा कारागीर मातीच्या साच्यावर मेणाचे धागे गुंडाळून, ते मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात आणि दिवे, पशुपक्षी घडवितात. ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने त्या कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. असा एक दिवा तीन पिढ्या पुरतो. प्लॅस्टिकचे फूल तिसऱ्या नाताळपर्यंत टिकत नाही.

चांदणीविषयी थोडेच सांगतो, कारण ती बहुतेकांना येते. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात, पाच-पाचांची दोन पंचकोनी नक्षत्रे बांधावीत, ती एकमेकांवर ठेवून पाचही टोके आवळावीत, आणि आतील पाच छेदांवर बोटभर लांबीच्या पाच काड्या आडव्या बसवाव्यात, म्हणजे चांदणी पोटात फुगते. पतंगाचा कागद गव्हाच्या खळीने चिकटवावा. बांबू आपल्या बांधावरचा असावा. रानात कुऱ्हाड घेऊन जाऊ नये. कव्वालचे रान २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि नाताळच्या झाडासाठी फांदी तोडून वनखात्याचा दंड भरणे ही कसली सजावट?

नाल आणि बूट या दोन वस्तूंबद्दल आम्हांला विचारण्यात आले. बैलाची नाल घरात होतीच. पश्चिमेकडे दारावर नाल लावतात ती शुभ म्हणून, नशीब उघडावे म्हणून. ख्रिस्ती घराच्या दारावर अशा समजुतीने काही टांगू नये. तेथे क्रूस पुरे. नाल गव्हाणीच्या पायथ्याशी बैलाजवळ ठेवली, ती तेथे शोभली. बुटांचे म्हणाल तर आमच्या शेतकऱ्यांच्या वहाणा दाराबाहेरच बऱ्या दिसतात.

एका गोष्टीचा मात्र आम्ही मनापासून इशारा देतो. गोणपाट, कापूस, पऱ्हाटी, गवत, पतंगाचा कागद, या सर्व वस्तू ठिणगीची वाट पाहणाऱ्या आहेत. मोबाइलवरील चित्रात गोणपाटाच्या फुलाशेजारी मेणबत्ती तेवत होती, ती चित्रापुरतीच. गव्हाणीत उघडी ज्योत ठेवू नये. मेणबत्ती किंवा पणती लावावयाची असल्यास न्यू मेक्सिकोच्या लोकांप्रमाणे वाळूत उभी करावी, पण कागदी पिशवीऐवजी मातीच्या कुंडीत, आणि कापसापासून चांगली चार हात दूर, अंगणात. घर गवताने शाकारलेले असेल तर चांदणीत केवळ विजेचा छोटा दिवा घालावा. खांबावर आकडा टाकून वीज घेऊ नये. त्यातून चोरी तर होतेच, शिवाय ओल्या हाताला प्राण गमवावे लागतात. मध्यरात्रीच्या मिस्सेला सारे घर रिकामे करून जाताना एकही ज्योत जळती सोडू नये, आणि दाराशी पाण्याची बादली भरून ठेवावी. कापसाची रास त्या रात्री ओसरीवरून हलवावी. वर्षाचे कष्ट एका पणतीपाशी ठेवू नयेत.

तीन राजांच्या सणानंतर आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो. मैत्रिणी येऊन गेल्या होत्या. त्या चाकापुढे उभ्या राहून त्यांनी पुष्कळ फोटो काढले, असे मुलीच्या आईने सांगितले. एकीने पोतारलेल्या भिंतीला हात लावून पाहिला आणि आपल्या आजीचे घर असेच होते, ते पाडले, असे ती म्हणाली. नाताळच्या सकाळी बैलांना गव्हाणीतले गवत आणि वर सरकीची पेंड मिळाली होती. टोपलीतला गहू शेळीने खाल्ला.

मुलगी वसतिगृहात परत गेली होती. चाक गाडीला बसले होते, कारण तूर घरी आणावयाची होती. आजी ओसरीवर बसून फुलांच्या गाठी सोडीत होती. चार पोती तिने झटकून घडी करून ठेवली. पाचवे काही सापडेना. घरभर शोधल्यावर धाकट्या भावाने सांगितले की, ते फूल ताईने पिशवीत घालून नेले, तिकडे खोलीच्या दारावर लावायला.

“अन् आता मी तूर कशात भरू?” असे म्हणून आजी आमच्याकडे पाहू लागली.